भुवयांची आखणी

अकराव्या प्रश्नाशी माझं पेन थांबलं. तोवरचे दहा मी भराभर लिहून टाकले होते. वय एकोणपन्नास. शुगर नाही. बीपीची गोळी सकाळी एक. रक्त पातळ करायचं औषध नाही. गर्भार आहात का, यापुढे ‘नाही’ लिहिलं आणि विचारल्याबद्दल मनातल्या मनात आभार मानले. गेल्या महिन्याभरात भुवया कोरून घेतल्या का, यापुढे ‘भुवया नाहीत’ असं लिहिलं, कारण तेच खरं होतं. अकरावा प्रश्न असा होता: तुम्हाला किंवा तुमच्या रक्ताच्या नात्यात कोणाला जखम भरल्यावर त्या जागी मांस वाढून जाड वळ उठण्याचा त्रास आहे का? पुढे दोन चौकोन. होय आणि नाही. मी पेन त्या चौकोनांवर अधांतरी धरून खिडकीतून खाली बघत राहिले. खाली कटलरीचं दुकान, त्याच्या पत्र्यावर कोणाची तरी एकच चप्पल पडलेली, आणि तिच्यावर उन्हाचा एक तुकडा. चप्पल तिथं कशी गेली असेल, यावर मी बराच वेळ विचार केला. अडचणीत असले की मला असे विचार फार सुचतात.

‘‘मावशी, झोपल्या काय?’’ अंजूनं आतून विचारलं. अंजू राठोड, वय सव्वीस, तांड्यावरची पोरगी. नागपुरात हे काम शिकून आली आणि यवतमाळात वरच्या मजल्यावरची ही खोली घेऊन बसली. बाहेरच्या पाटीवर ‘पर्मनंट भुवया’ असं लिहिलेलं आणि तोंडानं मात्र ती सांगते, दोन वर्षं टिकते मावशी, मंग फिकी पडते. हे मी घरी नवऱ्याला सांगितलं होतं. इंद्रजित एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तो स्टोव्हची पिन साफ करता करता म्हणाला, ‘‘असं पर्मनंट आमच्याकडंही हाये. फक्त पेन्शन नसते त्याले.’’

‘‘लिहून राह्यली,’’ मी अंजूला म्हणाले. ‘‘एक प्रश्न मोठा हाये.’’

‘‘खरं लिहा पण. झूट लिहिलं त मले काही होत नाही, तुमच्याच थोबाडावर उठते.’’

दिवाळीत मायनं मला पाहुण्याच्या ग्लासात पाणी दिलं, तिथून हे सगळं सुरू झालं. माय म्हणजे कांताबाई, पंच्याहत्तरीची. पांढरकवड्याच्या अलीकडे हायवे सोडून तीन किलोमीटर आत आमचं गाव, तिथं ती माझ्या भावाकडे, मारोतीदादाकडे असते. वर्षभरापासून तिच्या बोलण्यातली माणसं मागेपुढे व्हायला लागली होती. गेलेली माणसं शेजारी राहायला यायची, असलेली कुठं तरी निघून जायची. पण मला ती ओळखायची. जूनमध्ये गेले तेव्हा दारातूनच म्हणाली होती, ‘‘आली का वं दिपे, आंबे संपले पाय.’’ दिवाळीत गेले, तर ती ओसरीवरून उठली, पदर सारखा केला, आत गेली आणि फळीवरचा फुलांची नक्षी असलेला स्टीलचा ग्लास भरून घेऊन आली. आमच्याकडे तो ग्लास तलाठी, मास्तर आणि मुलगी पाहायला आलेल्यांसाठी असायचा. मी लहानपणी एकदा त्यातून पाणी प्यायले म्हणून धपाटा खाल्लेला. तोच ग्लास तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, ‘‘बसा ना बाई. कोन्या गावच्या म्हनायच्या तुमी?’’ वहिनी आतून ओरडली, ‘‘अवं आत्याबाई, दीपाबाई हाये ते!’’ माय हसली. पाहुण्याच्या घरचं काही तरी आपल्याला कळलं नाही, तरी हसावं, तसं हसली. मी पाणी प्यायले. गार होतं. ग्लासच्या काठाला जराही पोचा नव्हता. पन्नास वर्षांत किती कमी पाहुणे आले असतील आमच्याकडे, असं तेव्हा मनात आलं, आणि रडू यायचं ते तिथंच थांबलं.

जून ते दिवाळी यात माझ्यात एकच बदल झाला होता. पोळ्याच्या आसपास एके सकाळी तोंड पुसताना टॉवेलवर बारीक केस दिसले. मला वाटलं मांजराचे. आठ दिवसांत उजवी भुवई अर्धी झाली, पंधरा दिवसांत दोन्ही गेल्या. डोक्यावरचे केस शाबूत, पापण्या शाबूत, फक्त भुवया. कातडीचे डॉक्टर म्हणाले, चाई आहे, काही जणांना अशी पडते. का पडते? सांगता येत नाही. येतील का परत? येतीलही. मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकानं विचारलं की दिवाळीपर्यंत होईल का, तर मीही ‘होईलही’ असंच म्हणते, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं मला नीट कळलं. गंमत अशी की भुवया गेल्यात हे कोणाच्या लक्षातच येत नव्हतं. काही तरी गेलं आहे एवढं कळायचं, काय ते सापडायचं नाही. मापं द्यायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, बारीक झाल्या का, डोळे आले का, चष्मा बदलला का. एक म्हणाली, ‘‘दीपाबाई, कायले एवढ्या दचकल्या?’’ मी दचकले नव्हते. माझा चेहराच आता कायमचा दचकलेला होता. इंद्रजितला मी तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून सांगितलं, तेव्हा तो चष्मा लावून जवळ आला, निरखून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मले त काही फरक नाही वाटत.’’ बाईला असं बोललेलं आवडावं, असं म्हणतात. मला दिवसभर कसनुसं होत राहिलं.

या भुवया माझ्या नव्हत्याच तशा. बाबांच्या होत्या. दाट, मध्ये जवळजवळ जुळलेल्या, बाहेरच्या टोकाला खाली उतरलेल्या. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतर मायनं कधी कोणापुढे त्यांचं नाव काढून डोळे पुसले नाहीत, पण माझी वेणी घालून झाली की ती हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि म्हणायची, ‘‘बापाच्या भुया लावून आली पोट्टी.’’ तक्रार केल्यासारखं म्हणायची. माझ्या नाकाचं, रंगाचं, उंचीचं, कशाचंच तिनं कधी नाव घेतलं नाही. म्हणून दिवाळीहून परतताना बसमध्ये मी हिशेब मांडला की तिनं मला ज्या खुणेवरून धरलं होतं, ती खूण गेली. खूण परत लावली, तर मी तिला परत सापडेन. हा हिशेब किती कच्चा आहे, हे मला बसमध्येही कळत होतं. पण तिच्या डोक्यातून काय काय गळून गेलं ते मला दिसत नव्हतं. माझ्या कपाळावरून काय गळलं ते दिसत होतं. जे दिसतं ते माणूस दुरुस्त करायला घेतो.

अंजूकडे पहिल्यांदा आले, तेव्हा मला वाटलं होतं, बसवेल आणि करून टाकेल. तिनं मला आधी खुर्चीत न बसवता स्टुलावर बसवलं आणि वीस मिनिटं बोलत राहिली. डॉक्टरांची चिठ्ठी आणा की चाई आता पसरत नाही. दोन दिवस आधीपासून अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यांनी रक्त वाहतं. आणि डॉक्टरांनी दिलेली कोणती गोळी असेल, तर ती मनानं बंदही करू नका, विचारा. कपाळाला कसली क्रीम नको, ऊन नको. त्या दिवशी पोटभर जेवून या, चहा मात्र नको. ‘‘अन् दारू नको,’’ ती म्हणाली.

‘‘दारू?’’

‘‘सगळ्याईले सांगतो मावशी. परवा एक बाई म्हने, मंग हिंमत कशी येईन?’’ ती स्वतःच हसली. मग तिनं ड्रॉवरमधून कागदात बंद असलेली सुई काढून दाखवली. ‘‘हे मी तुमच्यापुढं फाडीन. आधी फाडलेली दिसली त उठून निंघून जाजा. माह्याकडूनबी अन् दुसऱ्या कोनाकडूनबी.’’ रंगाची बाटली दाखवली, तिच्यावरची तारीख वाचायला लावली. हातमोजे दाखवले. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला सुई दाखवायची पद्धत नाही, तरी मला तिची रीत आवडली. त्याहून आवडली ती आखणी. भुवया काढायच्या आधी तिनं काळा दोरा दोन हातांत ताणून माझ्या कपाळावर टेकवला, नाकाच्या मध्यापासून, डोळ्याच्या कोपऱ्यापासून, आणि त्याच्या रेघा उमटवल्या. आडव्या, उभ्या, तिरप्या. मी आरशात पाहिलं, तर माझं कपाळ पाठीचा भाग कापायला काढलेल्या कापडासारखं दिसत होतं. ‘‘तुह्या हातात माप हाये,’’ मी म्हणाले. ती म्हणाली, ‘‘आमच्या नानीचा हात हाये हा. मानीबाई. तांड्यातल्या पोरीईले गोंदायची. हनवटीवर, हातावर. सात सुया दोऱ्यानं बांधायची अन् त्याच सुयाईनं सगळ्या तांड्याले गोंदायची. कोन पिकलं, कोन सुजलं, कोनी पाहे नाही. मले म्हनते, तुहं कागद फाडायचं नाटक कायले व पोरी? म्या म्हनलं नानी, तुह्या गोंदनानं माह्या मावशीचा हात महिनाभर फुगला होता, ते इसरली का तू.’’

तेव्हा मला मायचं कपाळ आठवलं. म्हणजे ते आठवावं लागत नाही. डोळे मिटले की आधी ते कपाळच दिसतं.

मायच्या कपाळावर मधोमध गोंदलेला टिका आहे. हिरवट, ज्वारीच्या दाण्याएवढा. सातव्या-आठव्या वर्षी जत्रेत गोंदला. लग्न ठरायच्या आधी मुलीच्या अंगावर गोंदण हवं, नाही तर सासरी तिच्या हातचं पाणी चालत नाही, असं तेव्हा म्हणायचे. आमच्या हातचं तसंही कोणाला चालत नव्हतं, पण रीत पाळायला आम्हाला मनाई नव्हती. पुढे ती पंधरा वर्षांची असताना घरानं धम्म घेतला. वस्तीत सभा झाली. सभेत कोणी तरी म्हणालं, जुन्या खुणा टाकून द्या. ज्याच्या त्याच्या घरातून देव निघाले, ताईत निघाले, टोपलीत घालून नाल्याला सोडले. मायकडे टाकायला काहीच नव्हतं, फक्त कपाळ होतं. ती सांगायची, म्या लय इचार केला, कुकू पुसता येते, हे कसं पुसू? मग तिनं बिबा घेतला, दाभणावर तापवला, त्याचं तेल काढलं आणि टिक्यावर लावलं. बिब्यानं कातडी जळते, सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही होतं. जळेल तर टिकाही जळेल, असा तिचा हिशेब. कपाळ नारळाएवढं झालं. महिनाभर डोळे उघडत नव्हते. टिका गेला नाही. त्याच्या भोवती मात्र गोल जाड वळ उठला, गुळगुळीत, चकचकीत, आणि त्या वळाच्या मध्ये तो हिरवा दाणा जास्तच उठून दिसायला लागला. जणू कोणी मुद्दाम चौकट केली. ‘‘बाबासाहेबानं सांगतलं डोकं वापरा,’’ ती हसून म्हणायची, ‘‘म्या डोक्याचं कातडं वापरलं.’’

घरानं धम्म घेतल्यावरही दादाचं नाव मारोती कसं, असं लोक विचारतात. आजीचा नवस होता. आजी म्हणाली, मी देव सोडला, पन बोललेला नवस सोडला नाही. अशी आमची घरं. एका दारानं जुनं जातं आणि कोणी तरी त्याला मागल्या दारानं पाणी विचारतं. माझ्या वेळेपर्यंत मात्र माय पक्की झाली होती. मी आठ वर्षांची असेन, शेजारच्या गल्लीतल्या जमनाबाईंच्या मुलीसोबत खेळायला जायची. तिथं सणाला मुलींना ओळीनं बसवून कुंकू लावत होते. जमनाबाईंनी मलाही लावलं. बाईचा हेतू वाईट नव्हता, ओळीत होते म्हणून लावलं. मी कपाळ न हलवता, ते पडू नये म्हणून, चालत घरी आले. मायनं पाहिलं. एका हातानं माझी हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा जिभेला लावला आणि कपाळ पुसलं. एकदा नाही, कातडी लाल होईपर्यंत. ‘‘कोनापुढंही कपाय करत जाऊ नोको,’’ ती म्हणाली, ‘‘तुहं कोरं हाये, कोरं राहू दे.’’ तिच्या थुंकीला तंबाखूचा वास होता. तो ओलेपणा वाळेपर्यंत कपाळ ताणल्यासारखं वाटत राहिलं. त्या दिवशी मी तिच्यावर फार चिडले होते. आता त्यात चिडण्यासारखं काय होतं ते आठवत नाही. अंगठा आठवतो.

म्हणजे अकराव्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रक्ताच्या नात्यात, कपाळावर, मधोमध होतं. आणि तेवढंच नव्हतं. माझ्या उजव्या दंडावर देवीची लस टोचल्याची खूण आहे. सगळ्यांना असते ती खोलगट असते. माझी वर आलेली आहे, आठ आण्याच्या नाण्याएवढी, मायच्या वळासारखीच गुळगुळीत. थंडीत खाजते. मी माझे ब्लाउज शिवते तेव्हा बाही बोटभर लांब ठेवते. लोकांना वाटतं, जुन्या वळणाची बाई.

मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली.

अंजूनं फॉर्म वाचला. ‘भुवया नाहीत’ला हसली. अकराव्यावरून तिची नजर सरकून गेली. मग तिनं माझ्या कानामागे रंगाचा एक ठिपका टोचला, मोहरीएवढा. दोन दिवस बघायचं, खाज, सूज, पुरळ, काही आलं तर फोन करायचा. काही नाही आलं, तर आठ दिवसांनी, मंगळवारी. ते दोन दिवस मी तो ठिपका घेऊन वावरले. मशीनवर बसले तरी लक्ष कानामागे. दोन आरसे घेऊन, एक हातात, एक भिंतीवर, मान वाकडी करून बघायची. ठिपका बिचारा शांत होता. तो शांत असण्यात काही अर्थ नाही, हे मला मधूनच कळायचं. रंग सोसतो की नाही एवढंच तो सांगणार होता. वळ असा दोन दिवसांत येत नाही. मायचाही जखम भरल्यावर आला होता, सगळं बरं झालं असं वाटल्यावर, सावकाश. रात्री गादीवर पडलं की मला दोन भुवया दिसायच्या, केसांच्या नाही, मांसाच्या. जाड, चकचकीत. मग मी कूस बदलायची. दुसऱ्या बाजूला फुलांची नक्षी असलेला ग्लास असायचा. या दोन बाजू सोडून तिसरी कूस माणसाला दिलेली नाही.

सोमवारी अंजूनं बोलावलं. ‘‘आज पेन्सिलनं पक्की आखतो. हे घेऊन घरी जा, घरच्याईले दाखवा, आरशात चालून-बोलून पाहा. कमीजास्त असंल त सांगा. उद्या सुई.’’ मला हे फार पटलं. मीही लग्नाचा ब्लाउज आधी कच्च्या टाक्यावर घालून बघायला देते. मी तिला बाबांचा फोटो दिला होता, त्यावरून तिनं अर्धा तास खपून भुवया काढल्या. एकेक केस. टोकाला खाली उतरलेल्या. आरशात पाहिलं. ही मी होते का? मी होते. थोडे बाबाही होते. कोण किती, ते सांगता आलं नसतं. ‘‘पुसू नका बरं,’’ अंजू म्हणाली. ‘‘पानीबी नका लागू देऊ.’’ मी जिना उतरले आणि घरी न जाता सरळ स्टँडवर गेले. कच्चा टाका ज्याला दाखवून बघायचा, तो माणूस पांढरकवड्याच्या अलीकडे होता.

बसमध्ये मी खिडकीकडे बसले नाही, धूळ उडते म्हणून. कपाळ सांभाळत बसले, आठव्या वर्षी सांभाळलं होतं तसं. खिडकीतून बाहेरची कापसाची पराटी दिसत होती. त्या वर्षी बोंडं वरून चांगली दिसायची आणि फोडली की आत अळी. बायका वेचत होत्या, पण वेचण्यात हात चालत नव्हते, एक बोंड घ्यायच्या, बघायच्या, टाकायच्या. फवारणीच्या दिवसांत आमच्या दादाच्या डोळ्यात औषध गेलं होतं. बरेच लोक तेव्हा यवतमाळला दवाखान्यात पडून होते, डोळ्यांवर पट्ट्या. दादा आठ दिवसांत बरा झाला, तरी त्याला संध्याकाळचं अजून धुरकट दिसतं. त्यामुळे दिवाळीत माझ्या भुवया नसल्याचं त्याला दिसलंच नव्हतं. मला हे तेव्हा बरं वाटलं होतं. आपल्या घरातलं निदान एक माणूस न बघण्याला कारण असलेलं.

दादा दारातच होता. ‘‘जय भीम, दादा.’’ त्यानं डोळे बारीक केले. ‘‘जय भीम. अशी अचानक? ...पन आज बरी दिसून राह्यली व तू. दिवाळीत वाटलं, बिमार हाये का काय पोट्टी.’’ म्हणजे माप बरोबर बसलं होतं. त्या धुरकट डोळ्यांनाही मी सापडले होते. ‘‘माय?’’ ‘‘आंगनात. सरकी काढत बसली हाये उशीसाठी.’’

माय अंगणात बाजेवर बसून होती. मांडीवर किडका कापूस, बोटांनी सरकी वेगळी करत होती, न बघता. बोटांना अजून सगळं आठवत होतं. मी समोर जाऊन उभी राहिले, उन्हाकडे तोंड करून, नीट दिसावं म्हणून. फोटोला उभं राहतात तशी. ‘‘माय,’’ मी म्हणाले.

तिनं वर पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे, मग वर, मग पुन्हा डोळ्यांकडे. मला वाटलं, आता. ती कापूस बाजूला सारून सावकाश उठली, पदर सारखा केला. ‘‘बसा,’’ म्हणाली. ‘‘पानी आनतो.’’ आणि आत गेली.

मी बाजेवर बसले. काही वाटलं नाही. खरंच, काही नाही. फक्त कोंबडी एका पायावर उभी होती ती दिसली, आणि ती पडत कशी नाही याचा मी विचार करायला लागले. आतून फळीवरचा ग्लास उचलल्याचा आवाज आला. मग माठाच्या झाकणाचा. मग तिची पावलं. ती दोन्ही हातांनी ग्लास घेऊन आली, वाकली, ग्लास माझ्यापुढं धरला, आणि तशीच थांबली. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभरावर होतं. तिच्या कपाळावरचा वळ, त्यातला हिरवा दाणा, इतक्या जवळून मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती माझ्या भुवयांकडे बघत होती. मग तिनं ग्लास खाली जमिनीवर ठेवला.

एका हातानं तिनं माझी हनुवटी धरली. दुसऱ्या हाताचा अंगठा जिभेला लावला.

‘‘कोनं लावलं वं तुले हे?’’

‘‘किती डाव सांगतलं दिपे! कोनाच्या घरी गेली का कपाय पुढं करते. तुले काही अक्कल हाये का नाही?’’ ती पुसत होती. उजवी, मग डावी. पुन्हा अंगठा जिभेला, पुन्हा उजवी. अंजूच्या अर्ध्या तासाची मेहनत तिच्या अंगठ्यावर काळी होऊन येत होती. अंगठा रखरखीत होता, सरकीचं कुसळ लागलेला, आणि त्यात जोर होता. ‘‘कोरं हाये तुहं, कोरं राहू दे म्हनलं ना. बाप पाहीन त काय म्हनीन?’’ सगळं गेल्याची खात्री झाल्यावर तिनं पदरानं कपाळ कोरडं केलं, तोंड उजवी-डावीकडे वळवून पाहिलं, आणि हनुवटी सोडली. मग पुन्हा बाजेवर बसून सरकी काढायला लागली. मी तिच्यासाठी आठ वर्षांची होते की एकोणपन्नासची, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. अंजू होती. ‘‘मावशी, उद्या अकराले. जेवून या, चहा नका घेऊ. घरच्याईले दाखवलं का? पुसलं त नाही ना?’’

‘‘पुसलं.’’

‘‘अरे बाप्पा. मंग उद्या लवकर या, पुन्हा आखतो.’’

‘‘अंजू, माह्या फॉर्मवर अकरावा प्रश्न हाये. तिथं नाहीचं होय कर.’’

ती फॉर्म शोधत असावी. कागदांचा आवाज आला. ‘‘कोनाले हाये?’’

‘‘मायले. कपाळावर. अन् मले, दंडावर.’’

‘‘मावशी!’’ ती इतक्या मोठ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. ‘‘अन् मी उद्या सुई लावनार होतो तुमच्या तोंडाले! दोन वळ घेऊन फिरल्या असत्या जलमभर. ते काही दोन वर्षांत फिकं नसतं पडलं. म्या काय केलं होतं तुमचं? कायले झूट लिहिलं?’’

‘‘काम होतं एक,’’ मी म्हणाले. ‘‘झालं ते.’’

ती आणखी बरंच बोलली. शेवटी म्हणाली, सुई नाही लावणार, काहीही झालं तरी नाही. पण येत जा, पेन्सिल शिकवतो, लग्नकार्याला लावत जा. मी हो म्हणाले. पेन्सिल पुसता येते, हे मी नुकतंच पाहिलं होतं.

‘‘कोनासंगं बोलून राह्यली?’’ मायनं मान वर न करता विचारलं.

‘‘कोनी नाही.’’

‘‘मंग बसली काहून? हात धू, पानी पे. अन् मले थोडा कापूस सोल.’’

तिनं भरून आणलेला ग्लास जमिनीवर तसाच होता. दादा आला, इकडंतिकडं बघितलं, त्याला तो बरोबर दिसला आणि उभ्यानंच गटागट पिऊन त्यानं तो पालथा घातला. उद्या सकाळी ती तोच पुन्हा भरून माझ्यापुढं धरेल, हे मला माहीत होतं. मी उठले, आत गेले. माठावर जर्मनचा पोचे पडलेला गडू उलटा होता, घरच्यांचा. तो बुडवला आणि उभ्या उभ्या पाणी प्यायले. कपाळावरचा ओलेपणा वाळत होता, आणि कातडी ताणल्यासारखी वाटत होती.